आधी श्वास, मग हात

बाहुली हलवायला हात लागतात हे शेंबडं पोरही सांगेल, पण तिला जिवंत करायला काय लागतं असं कुणी विचारलं की बाबा आपल्या छातीवर बोट ठेवायचे. "आधी श्वास, मग हात," हे त्यांचं आयुष्यभराचं पालुपद. शिकायला येणाऱ्याला पहिले तीन महिने ते बाहुलीला बोटही लावू द्यायचे नाहीत; नुसतं मागे उभं राहायचं आणि बाहुली मान उचलणार, हात पुढे करणार, पाऊल टाकणार, त्याच्या अर्धा क्षण आधी ऐकू येईल असा श्वास नाकानं आत ओढायचा, एवढंच काम. निम्मे जण कंटाळून पळ काढायचे. जे टिकायचे त्यांच्या हातात पुढे बाहुली आली की ती अशी काही उठून बसायची, की पहिल्या रांगेतली माणसं नकळत पाय मागे घ्यायची.

त्यांची मुलगी या दोन्हींतली नव्हती. तिला कुणी शिकवलं नाही आणि ती पळालीही नाही. घरातच हा श्वास सकाळ-संध्याकाळ चालू असे, तेव्हा शिकायचं असं वेगळं काही उरलंच नव्हतं. अकराव्या वर्षापासून ती बाबांच्या मागे वाकून बाहुलीचे पाय धरायची. एकोणिसाव्या वर्षी मात्र तिनं सिनेमाच्या आवाजाचं काम धरलं, तेव्हा सगळ्या घरानं नाकं मुरडली, पण बाबा म्हणाले, "तानसेन नाही तर नाही, कानसेन तर होईल." तेव्हापासून घरात तिचं नाव कानसेन पडलं, आणि तिनं ते खरंही करून दाखवलं. दोन खोल्यांपलीकडचा पंखा आज जरा जड फिरतोय हे तिला अंथरुणातून कळायचं.

महोत्सवाचं लोढणं बाबांच्या गळ्यात तिनंच अडकवलं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रंगमंचावरच्या जुन्या कला पडद्यावर आणायच्या, दर वर्षी एक, अशी त्या महोत्सवाची कल्पना होती. यंदा बाहुल्यांची पाळी होती. सात दिग्दर्शक, सात बाहुलीवाले, प्रत्येकी बावीस मिनिटांचा सिनेमा. बाबा तयार नव्हते. साठ खुर्च्यांच्या खोलीत चाळीस वर्षं खेळ केलेला माणूस, त्याला समोर डोळे लागत होते, कॅमेऱ्याची काच नको होती. तिनं महिनाभर भुणभुण लावली, करार घरी आणला, खुर्चीत बसून त्यांना वाचून दाखवला. मधेच त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "पोरीनं वाचलंय ना, मग झालं." शेवटचं दीड पान तिनं मनातल्या मनात चाळलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

एका बंद पडलेल्या गोदामात एकतीस दिवस शूटिंग चाललं. सिनेमात एकच पात्र होतं, चिमी. कागदाच्या लगद्याचं डोकं, लाकडी हात, मुलीच्या आईनं शिवलेला फ्रॉक, वय वर्षं नऊ. एका रिकाम्या इमारतीत ही चिमी आपलं घर शोधत जिना चढत जाते, एवढीच गोष्ट. संवाद एकही नव्हता. काळ्या कपड्यांत बाबा तिच्या मागे वाकलेले असत आणि त्यांच्या नाकाशेजारी माइक, कारण चिमीच्या पावलांचा आवाज तिथूनच नीट मिळायचा. मुलगी हेडफोन लावून कोपऱ्यात बसायची. पाऊल वाजायच्या आधी बाबांचा श्वास तिच्या दोन्ही कानांत भरायचा, आणि लहानपणची ती, पाय धरून वाकलेली, तिला आठवत राहायची.

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, आणि पंचाईत हीच होती. तिशीतला, सौम्य, बाबांच्या पाया पडून कामाला सुरुवात करणारा. सिनेमा जोडून झाल्यावर त्यानं तिला बाजूला बोलावलं आणि अगदी अवघडून म्हणाला, "ताई, रागावू नका, पण बाहुली नऊ वर्षांची आणि श्वास सत्तरीचा. तो ऐकू आला की मागे म्हातारा दिसायला लागतो."

तेव्हा 'नाही' म्हणता आलं असतं. हा श्वास म्हणजेच चिमी आहे, हे त्या अख्ख्या गोदामात बाबांच्या खालोखाल एकट्या तिलाच ठाऊक होतं. पण तिच्याही कानांना तो खुपत होता. घरच्या माणसाची सवय चारचौघांत दिसावी तशी तिला त्याची लाज वाटत होती. ती म्हणाली, "बघते."

मग चार दिवस बसून तिनं एकेक श्वास वेचून कापला. चारशे एकोणनव्वद निघाले. प्रत्येकाच्या जागी तिनं रिकाम्या गोदामाची शांतता भरली, इतकी बेमालूम, की सांधा तिचा तिलाही सापडेना. काम संपलं की कापलेला कचरा पुसून टाकायचा ही तिची नेहमीची शिस्त. यावेळी शिस्तीपेक्षा घाई जास्त होती, कारण ते तुकडे तिला समोर नको होते. पुसताना यंत्रानं 'नक्की का?' असं विचारलं, तसं ते नेहमीच विचारतं.

तयार सिनेमा तिनं घरी नेऊन बाबांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मान डावीकडे कलती करून, ऐकताना करायचे तशी. मग म्हणाले, "माझा श्वास येत नाहीये गं."

"माइकनं पकडला नाही, बाबा," ती म्हणाली.

"असेल," ते म्हणाले, आणि चहा मागितला. एवढंच बोलणं झालं. पण खोटं एकदा तोंडातून गेलं की ते घरातल्या पाहुण्यासारखं मधे बसून राहतं. त्या दिवसापासून ती बाबांच्या डोळ्यांकडे बघून बोलेनाशी झाली.

महोत्सवातला पहिला खेळ सकाळी अकराचा होता. बाबा नवा शर्ट घालून तिच्याशेजारी बसले, पलीकडे आई. अंधार झाला. पडद्यावर चिमी पायरीवर मान खाली घालून बसली होती, आणि ती मान उचलणार त्याच्या अर्धा क्षण आधी मुलीला डाव्या हाताला बसलेल्या बाबांचा नाकानं आत ओढलेला श्वास ऐकू आला. मग चिमीनं मान उचलली.

तिला आधी हसू आलं. जित्याची खोड. पण चिमीनं हात पुढे केला तेव्हा परत तेच, कठडा धरला तेव्हा परत, आणि मग एकही हालचाल त्याच्यावाचून झाली नाही. पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं. मुलीनं कुजबुजत विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली, त्यांचे डोळे पडद्यावरून हलत नव्हते. आणि सोळाव्या मिनिटाला जिना आला, तशी ती त्यांच्याकडे वळली, कारण तो जिना कसा जोडलाय हे तिला ठाऊक होतं. नऊ पायऱ्या नऊ वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या होत्या आणि दिग्दर्शकानं वेग यावा म्हणून त्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या होत्या. प्रत्येक तुकडा श्वासानं सुरू होत होता आणि पाऊल पडलं की संपत होता. नऊ वेळा श्वास आत घ्यायचा; सोडायला मधे जागा नव्हती. बाबांनी ते नऊही घेतले, एकावर एक. खुर्चीच्या दांड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

दिवे लागले तेव्हा टाळ्या चालू होत्या. बाबा मंचावर गेले, वाकून नमस्कार केला, परत आले आणि जेवण नको म्हणाले. वय एकाहत्तर, प्रवास, कौतुक. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आई त्यांना सहा तासांच्या प्रवासानं घरी घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. आई म्हणजे हिशेबी बाई नव्हे, पण औषधाच्या वेळा कॅलेंडरवर लिहिता लिहिता तिला सगळंच लिहायची सवय लागली होती. "आज अकराला यांना धाप लागली," ती म्हणाली. "बरोबर बावीस मिनिटं. मग आपोआप थांबली. पुन्हा पावणेपाचला तेच. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले फुप्फुसं पोराची असावीत तशी स्वच्छ आहेत."

गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला महोत्सवाचं वेळापत्रक छापलेलं होतं. तिनं ते उलटून पाहिलं. अकरा, सभागृह दोन. पावणेपाच, सभागृह एक. तिनं कार्ड पुन्हा सरळ केलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी दुपारपासून आईच्या फोनची वाट बघत राहिली.

"आज तीनदा," आई म्हणाली. "अकरा, एक वाजून वीस आणि पावणेपाच."

एक वाजून वीस. वेळापत्रकात असा खेळ नव्हता. तिला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. आजार असला तर असू दे, आजाराला औषध असतं. त्याच आनंदात ती चहा घ्यायला गेली, तर तिथे सिनेमे लावणारा गृहस्थ बिस्किट बुडवत उभा होता. "तुमचा सिनेमा आज जास्तीचा लावला बरं का," तो म्हणाला. "परीक्षकांना परत बघायचा होता. आवाजासाठी म्हणत होते."

"किती वाजता?"

"जेवणानंतर. एक-वीसला चालू केला."

सांगता समारंभात आवाजाचं बक्षीस तिला मिळालं. परीक्षकांपैकी एक वयस्क बाई म्हणाल्या, की इतकी निर्मळ शांतता त्यांनी सिनेमात क्वचितच ऐकली होती. तिनं मंचावर जाऊन स्मृतिचिन्ह हातात घेतलं, हसली, फोटो काढून घेतला. आपण चोरीचा माल चारचौघांत मिरवतोय असं तिला वाटत होतं, आणि तरी ती हसत होती, हे तिला पुढे कितीतरी दिवस सतावत राहिलं.

समारंभ संपताच तिनं दिग्दर्शकाला गाठलं. "मला श्वास परत घालायचाय. ते पुसले गेलेत, पण मी नवे रेकॉर्ड करीन. माझे घेईन."

त्याला आधी ती थट्टा वाटली. "ताई, शांततेला बक्षीस मिळालंय आणि तुम्ही ती भरायला निघालात?" मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "आता प्रत बदलता येत नाही हो. महोत्सवाचा नियमच आहे. आणि आपला सिनेमा पुढच्या दोन महिन्यांत बारा गावांना चाललाय. बाबांना सांगा ना, खूश होतील."

ती घरी गेली. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, चार दिवसांत चार वर्षांनी खंगलेले. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि खूप दिवसांनी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"माइकनं पकडले होते, बाबा. सगळे. मी कापले."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"माइक एक वेळ चुकेल. तुझे कान चुकायचे नाहीत." आता ते बोलतानाही दम घ्यायला थांबत. "तू खोटं बोललीस तेव्हा तुझा चेहरा बघवेना, म्हणून चहा मागितला."

तिला रडू फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं. मग तिनं सगळं सांगितलं. वेळा, जिना, बारा गावं. ते दचकले नाहीत. चिमी उठायची म्हणजे कुणीतरी श्वास घ्यायलाच हवा, ही गोष्ट त्यांच्या लेखी इतकी उघड होती, की त्यात नवल करण्याजोगं त्यांना काही दिसलं नाही. "ती थांबून राहते गं," ते म्हणाले. "मला कळतं, कुठंतरी ती मान खाली घालून बसलीये आणि थांबलीये. मग काय करणार."

"मी घेतला तर चालेल?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शिकायला आलेल्या नव्या माणसाकडे बघायचे तसं. "पाय धरायचीस तू," ते म्हणाले. "बघ जमतंय का."

पहिल्या गावी ती मागच्या रांगेत जाऊन बसली. अंधार झाला, चिमी पायरीवर दिसली आणि मुलीनं श्वास ओढला. आपण मूर्खासारखं काहीतरी करतोय असं पहिलं मिनिटभर वाटत राहिलं. पुढे वाटायचं बंद झालं, कारण तिनं घेतल्याशिवाय चिमी हलत नव्हती. म्हणजे सिनेमा तसाच चालू होता, लोक बघत होते, पण त्या अर्ध्या क्षणात चिमी तिची वाट बघतेय हे तिला नुसतं कळत होतं. जिन्यापाशी तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. खेळ संपल्यावर तिनं बाहेरच्या कठड्याला टेकून घरी फोन लावला.

"आज काही नाही," आई म्हणाली. "छान जेवले. तुला काय गं झालंय, पळत आलीस का कुठून?"

बारा गावं तिनं केली. हातातली कामं सोडली, मिळेल त्या गाडीनं गेली, एकही खेळ चुकवला नाही. तिसऱ्या गावी जिन्याच्या दृश्याला ती पुढच्या खुर्चीवर कोसळली आणि दारावरच्या माणसानं पाणी आणलं. पण तिनं ते हातानंच बाजूला सारलं, कारण अजून चार मिनिटं उरली होती. ती वाळली, गालफडं बसली. आणि खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत तिला जितकं बरं वाटत होतं तितकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. प्रत्येक श्वासागणिक काहीतरी फिटतंय असं वाटायचं. कॅलेंडरवरचे चौकोन कोरे राहिले. बाबांच्या अंगावर मांस चढलं. ते पुन्हा कामाच्या खोलीत जाऊ लागले, जुन्या बाहुल्यांचे सांधे तेल घालून सैल करू लागले.

बारावं गाव संपवून ती घरी आली ती भरल्या मनानं. आईनं गरम जेवण वाढलं. बाबा समोर बसून तिची थट्टा करत होते, की कानसेनबाई आता नाकसेन झाल्या. तेवढ्यात फोन वाजला. दिग्दर्शक होता, आनंदानं त्याचा आवाज चिरकत होता.

"ताई, सिनेमा उद्या सकाळी दहापासून इंटरनेटवर येतोय. फुकट. कुणीही, कुठूनही, केव्हाही बघू शकेल. आत्ताच हजारो लोकांनी नावं नोंदवलीत."

तिचा घास तोंडातच राहिला. "नका लावू," ती म्हणाली.

"असं काय करताय? करारात आहे ते. सर्व माध्यमांत, शेवटच्या पानावर. बाबांची सही आहे." आणि मग, तिला आठवण करून द्यावी म्हणून, अगदी प्रेमानं, "तुम्हीच तर त्यांना वाचून दाखवला होतात."

तिनं फोन ठेवला. आई आत गेल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा तिनं या खेपेला काहीही लपवलं नाही. ते ऐकत होते. आयुष्यभर साठ खुर्च्या मोजलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर क्षणभर निखळ आनंद उमटला, आणि तो तिला बघवला नाही.

"हजारो," ते म्हणाले. मग हात धुवायला उठले.

सकाळी दोघं बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी पलंगावर बसली. खिडकी सताड उघडी होती. तिनं त्यांच्या शर्टाचं वरचं बटण काढून दिलं आणि त्यांचा हात हातात घेतला. लाकडासारखा कोरडा, उबदार. निम्मे मी घेईन, असं तिनं रात्रभरात ठरवलं होतं, जास्तच घेईन. आईला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. तिचा या सगळ्याशी संबंध एवढाच, की चिमीचा फ्रॉक तिनं शिवला होता. ती आत नेहमीसारखी भांडी घासत होती.

दहा वाजले. दोघांनी एकदमच श्वास आत घेतला. तो सोडायच्या आतच दुसरा ऐकू आला, आणि तो त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता. आतल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.